धूर जातो कुठे?

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरी स्वयंपाकघरासाठी चिमणी घ्यायचे ठरले. दुकानातल्या तरुण विक्रेत्याने आम्हाला एकापाठोपाठ एक चकचकीत यंत्रे दाखवली आणि प्रत्येकाखाली लिहिलेला आकडा वाचून दाखवला. "काका, ही बाराशेची घ्या. तासाला बाराशे घनमीटर हवा ओढते." मी विज्ञानाचा शिक्षक, त्यामुळे आकडा ऐकून मान डोलावली. सौ.नी मात्र यंत्राच्या पोटात हात घालून जाळी बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "अहो, ही धुणार कोण?"

विक्रेता हसला, मीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. धुराड्याचा इतिहास चाळायला बसलो, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न फार जुना आहे आणि तो न विचारल्यामुळे फार मोठ्या योजना फसलेल्या आहेत.

आधी शब्दाबद्दल थोडे. मूळ ग्रीक 'कामिनोस' म्हणजे भट्टी. तो शब्द लॅटिनमध्ये गेला, तिथून फ्रेंचमध्ये 'शमिने' झाला आणि इंग्रजीत 'चिमनी' झाला. आपल्याकडे तो कंदिलाच्या काचेला चिकटला, मग रॉकेलच्या छोट्या दिव्यालाही आपण 'चिमणी' म्हणू लागलो. अंगणातल्या चिमणीचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती आपली मूळचीच. चुलीचा धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याला मराठीत 'धुराडे' हा चांगला शब्द आहे, पण तो आपण आगगाडीच्या इंजिनासाठी आणि गिरण्यांसाठी राखून ठेवला. घरात धुराडे नव्हतेच, तर शब्द वापरणार कुठे?

आपल्याला वाटते, थंड देशांत धुराडी पहिल्यापासून असणार. तसे मुळीच नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घराच्या मधोमध उघडी आग असे आणि धूर छपरातल्या फटींतून वाट काढी. भिंतीतल्या धुराड्याची तिथली जुनी उदाहरणे १२ व्या शतकातली आहेत. यॉर्कशायरमधील कॉनिसब्रो किल्ल्यातील धुराडे त्यांपैकी एक. पण ती सरदारांची मिजास होती. सामान्य घरांपर्यंत पोचायला आणखी चारशे वर्षे लागली. विल्यम हॅरिसन या इसेक्स परगण्यातील पाद्र्याने १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंड-वर्णनात लिहून ठेवले आहे की, गावातल्या म्हाताऱ्यांना सर्वांत नवलाच्या वाटणाऱ्या बदलांपैकी एक म्हणजे जिकडेतिकडे उभी राहिलेली धुराडी. त्यांच्या तरुणपणी अख्ख्या गावात दोन-तीनच असत. गंमत अशी की, या बदलाने सगळे खूश नव्हते. धुराने घराची लाकडे टणक होतात आणि माणसाची पडसे-खोकल्यापासून सुटका होते, अशी समजूत असल्याचे हॅरिसनच सांगतो.

ही समजूत वाचून मला आमचे गाव आठवले. चुलीवरच्या माळ्यावर मक्याची कणसे आणि भोपळ्याचे बी टांगलेले असे. धुराने त्याला कीड लागत नाही, हे आजीला पक्के ठाऊक होते. आढ्याच्या काळ्याकुट्ट वाशांना भुंगा लागत नसे. म्हणजे धूर हा निव्वळ शत्रू नव्हता, त्याच्याकडे काही कामे सोपवलेली होती. घरात धुराडे आणू पाहणाऱ्याने ही कामे कोण करणार याचाही विचार करायला हवा होता.

आता धूर वर का जातो ते पाहू. तापलेली हवा हलकी होते, हे आपण सातवीत शिकवतो. पण 'गरम हवा वर जाते' या वाक्यात अर्धेच सत्य आहे. बाहेरची थंड, जड हवा खालून शिरते आणि गरम हवेला वर ढकलते. धुराडे धूर 'ओढत' नाही, बाहेरची हवा तो ढकलते. हे दाखवणारा प्रयोग सोपा आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूने काच लावा, वर दोन भोके पाडून त्यांवर कंदिलाच्या दोन काचा उभ्या करा. एकीखाली मेणबत्ती पेटवा आणि दुसरीच्या तोंडाशी धुमसती उदबत्ती धरा. उदबत्तीचा धूर चक्क खाली उतरतो, खोक्यातून आडवा जातो आणि मेणबत्तीवरच्या काचेतून वर निघतो. आता उदबत्तीच्या बाजूची काच तळहाताने झाका. मेणबत्ती फडफडते, मंदावते. मुलांना हा क्षण फार आवडतो.

हा जोर असतो तरी किती? समजा धुराडे ३ मीटर उंच आहे, आतला वायू सरासरी १५०° सेल्सिअस आणि बाहेरची हवा ३०° सेल्सिअस आहे. बाहेरच्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१६ किलो, आतल्या वायूची सुमारे ०.८३ किलो. या फरकाला उंचीने आणि गुरुत्वीय त्वरणाने गुणले की दाब निघतो जेमतेम १० पास्कल. म्हणजे एक मिलिमीटर पाण्याच्या थराएवढा! एवढ्याशा दाबावर सगळा कारभार चालतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने येणारी वाऱ्याची झुळूकही साधारण तेवढाच दाब देते. ती चुकीच्या दिशेने आली, की धूर मुकाट्याने घरात परत.

हे सगळे सर्वांत नीट मांडले बेंजामिन फ्रँकलिनने. १७८५ मध्ये फ्रान्सहून अमेरिकेला परतताना जहाजावर बसून त्याने धूर ओकणाऱ्या धुराड्यांची कारणे आणि उपाय सांगणारे एक लांबलचक पत्र लिहिले. ज्याला लिहिले तो यान इंगेनहाऊस आपल्या परिचयाचा आहे. हिरवी पाने सूर्यप्रकाशातच प्राणवायू सोडतात, हे १७७९ मध्ये दाखवून देणारा तोच. फ्रँकलिनने एकूण नऊ कारणे दिली. घर इतके घट्ट बंद असणे की बाहेरची हवा आत येऊच शकत नाही, हे पहिले. धुराड्याचे तोंड प्रमाणाबाहेर मोठे असणे, नळकांडे आखूड असणे, टोक शेजारच्या उंच छपराच्या खाली राहणे, ही आणखी काही. त्यातली दोन मला विशेष वाटतात. एकाच घरातली दोन धुराडी एकमेकांवर कुरघोडी करतात. जिच्यात आग जास्त, ती दुसरीतून हवा उलटी खाली खेचते. आणि दुसरे, शेजारच्या धुराड्यातून निघालेला धूर आपल्या विझलेल्या धुराड्यातून आपल्याच घरात उतरतो. ही दोन कारणे लक्षात ठेवा, शहरातल्या फ्लॅटमध्ये ती पुन्हा भेटणार आहेत.

फ्रँकलिननंतर दहा-अकरा वर्षांनी काउंट रम्फर्डने धुराड्याचा गळा अरुंद करून लंडनमधली शेकडो घरे धूरमुक्त केली. तोफा कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरून 'उष्णता हा द्रव नव्हे' असे १७९८ मध्ये सांगणारा हाच रम्फर्ड. त्याने म्युनिकमध्ये शेकडो माणसांचे जेवण शिजवणाऱ्या बंदिस्त चुलीही बांधल्या. उघड्या आगीवर सरपणाची किती नासाडी होते, याचा त्याला मनस्वी राग होता.

आपल्याकडे हा विचार आला तो ग्रामोद्योगाच्या वाटेने. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे ठाणे आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. तेलघाणी, हातकागद, वनस्पती तेलावर जळणारा मगन दीप यांच्या जोडीला तिथे मगन चूल तयार झाली. एकाच जाळावर एकामागे एक भांडी आणि शेवटी धूर बाहेर नेणारे नळकांडे, अशी तिची रचना. त्याच धर्तीवर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी एक चूल विकसित केली आणि १९५३ मध्ये लक्षावधींच्या निर्धूर स्वयंपाकघरांविषयी एक पुस्तिका लिहिली. चुलीला धुराडे हवे, हे देशाला सांगणारे लिखाण स्वातंत्र्यानंतर सहा वर्षांत छापले गेले होते, याची मला ते वाचताना थोडी खंत वाटली. कारण त्यानंतर तीस वर्षे फारसे काही घडले नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील 'अस्त्र' गटाची तीन भांड्यांची चूल, महाराष्ट्रात साच्यात ओतून करायची लक्ष्मी चूल, असे चांगले नमुने त्यात आले. २००२ मध्ये कार्यक्रम बंद होईपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. त्यातली एक आमच्या आईची.

साल १९८७. गावात योजना आली, गवंडी आला, एका दुपारी चूल बसवून गेला. दोन भोके, मागे सिमेंटचा पाइप. पाइप भिंतीतून बाहेर काढून वळचणीखालीच सोडून दिला होता. पहिला आठवडा आई खूश होती. मग तक्रारी सुरू झाल्या. मागच्या वैलावर डाळ शिजेना, नुसती कोमट राही. पुढचे तोंड लहान, त्यामुळे तव्यावरची भाकरी काढून आराला लावून शेकायला जागाच नव्हती. पावसाळ्यात पाइपाच्या कडेने पाणी भिंतीत झिरपू लागले. संक्रांतीपर्यंत पाइप काजळीने भरला आणि धूर पुन्हा घरात यायला लागला, आता तर चुलीच्या दोन्ही भोकांतून. मी सुट्टीला घरी गेलो तेव्हा पाइप काढलेला होता आणि त्याच्या भोकात चिंधी कोंबलेली होती. "अरे, तो आतून कसा साफ करायचा ते कोणी सांगितलंच नाही," आई म्हणाली. ती परत जुन्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली होती.

मी तेव्हा शाळेत खोका-मेणबत्तीचा प्रयोग दर वर्षी करून दाखवत होतो. पाइपाचे टोक छपराच्या वर नेले पाहिजे, हे फ्रँकलिनचे कारण मला परीक्षेपुरते ठाऊक होते. पण घरातल्या पाइपाकडे मी त्या नजरेने पाहिलेच नाही. आई अडाणी आहे, तिला नवे काही नको असते, असेच मला वाटले. तिचा खोकला पुढे कधी गेला नाही.

हे फक्त आमच्याच घरी घडले असते, तर सांगण्यात अर्थ नव्हता. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशातील सुमारे अडीच हजार कुटुंबांत धुराड्याच्या मातीच्या चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला. सुधारित चूल आधी कोणाला मिळणार हे लॉटरीने ठरवले होते, त्यामुळे तुलना चोख झाली. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातून जाणारा धूर घटला. नंतर तो फायदा विरत गेला. भेगा बुजवल्या गेल्या नाहीत, धुराडी साफ झाली नाहीत, चुलीचा वापरही घटला. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली चूल घरात टिकली नाही. हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. डुफ्लो यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले, पण आमच्या आईने तो १९८८ मध्येच काढला होता.

मग धुराड्याचा उपयोगच नाही, असे म्हणायचे का? नाही. आधी धूर किती असतो ते पाहा. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मोजमापाची उपकरणे लावली. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्वयंपाकाच्या वेळी एका घनमीटर हवेत सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास कण आढळले. बाहेरच्या हवेतील १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी आपली २४ तासांची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे. दोन मापे तंतोतंत एक नाहीत, पण अंतर सत्तर पट असताना त्याने फारसा फरक पडत नाही.

आणि धुराड्याने काय साधते, याचा सर्वांत बोलका पुरावा चीनमधला आहे. युन्नान प्रांतातील श्वानवेई परगण्यात घरातल्या उघड्या खड्ड्यात धुराचा दगडी कोळसा जाळत. सिगारेटला हातही न लावणाऱ्या बायकांत तिथे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण भयंकर होते. १९७० नंतर बऱ्याच कुटुंबांनी धुराड्याच्या चुली बसवल्या. एकवीस हजारांवर शेतकऱ्यांच्या नोंदी तपासून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, चूल बदललेल्या घरांत या कर्करोगाचा धोका पुरुषांत ४१ टक्के आणि स्त्रियांत ४६ टक्के कमी झाला. कोळसा तोच, जेवण तेच. फक्त धुराला वाट मिळाली आणि ती वाट उघडी राहिली.

ग्वाटेमालातील एका अभ्यासात मात्र एक मेख दिसली. धुराड्यामुळे स्वयंपाकघरातला कार्बन मोनॉक्साइड सुमारे ९० टक्क्यांनी घटला, पण घरातल्या लहान मुलांच्या श्वासातला फक्त निम्म्याने. कारण मुले दिवसभर स्वयंपाकघरात बसत नाहीत. ती अंगणात खेळतात, आणि धुराडे धूर अंगणातच सोडते. धुराडे धूर नष्ट करत नाही, त्याचा पत्ता बदलते.

असो. आता आपल्या ओट्याकडे येऊ. १९५५ मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस आला आणि शहरी ओट्यावरून काजळी हटली. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने तो खेड्यांत पोचवला. मग चिमणी कशाला? कारण आता प्रश्न सरपणाच्या धुराचा नसून ज्योतीतून निघणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडचा आणि तापल्या तेलाच्या सूक्ष्म कणांचा आहे. फोडणीचा ठसका हा त्यातला प्रामाणिक भाग, निदान तो कळतो तरी. जास्त तापलेल्या तेलात तळताना निघणारा धूर 'बहुधा कर्करोगकारक' असल्याचे कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१० च्या अहवालात म्हटले आहे. तेलाचे कण विजेच्या शेगडीवरही निघतात.

विजेच्या चिमणीत दहा पास्कलची भीक मागावी लागत नाही, पंखा जोर लावतो. पण 'बाराशे'चा आकडा मी घरी कागदावर तपासला. आमचे स्वयंपाकघर सुमारे २१ घनमीटरचे. म्हणजे ते यंत्र मिनिटागणिक सगळी हवा बदलणार. सहा इंची पाइपातून एवढी हवा जायची तर तिचा वेग ताशी ६८ किलोमीटर हवा. चार इंची पाइप लावला, तर दीडशेच्या वर! पाइपातले वादळच ते. प्रत्यक्षात तसे होत नाही. पाइप अरुंद असला, त्याला दोन-तीन बाक दिले, की प्रवाह कितीतरी घटतो आणि आवाज मात्र वाढतो. दुकानातला आकडा पाइप न जोडता मोकळ्या हवेत मोजलेला असू शकतो. तेव्हा आकड्यापेक्षा पाइप रुंद, आखूड आणि सरळ असणे अधिक मोलाचे.

दुसरे, हवा बाहेर जाते तेवढी आत यायला हवी. खिडक्या घट्ट लावून चिमणी चालवली, की फ्रँकलिनचे पहिले कारण हजर. आणि न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर चौथे कारणही. चिमणी गीझरचा वायू घरात उलटा खेचू शकते आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. शेजारधर्माचे कारण आठवे. सगळ्या मजल्यांचे पाइप इमारतीच्या एकाच बोळात सोडलेले असतील, तर खालच्यांचे मासे वरच्यांच्या देवघरात पोचतात. पाइप नसलेल्या, कोळशाच्या गाळणीच्या चिमण्याही मिळतात. कोळसा वास थोडाफार धरतो, पण वाफ, उष्णता आणि कार्बन मोनॉक्साइड पुन्हा घरातच सोडतो. खोक्याचे एक भोक बुजवलेला तो प्रयोग आहे. माझ्या मते तिच्यावर पैसे घालण्यापेक्षा खिडकीत चांगला पंखा बसवावा.

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०१२ मध्ये अशा यंत्रांची चाचणी घेतली. काही यंत्रे जवळजवळ सगळा धूर पकडत होती, तर काहींच्या हाती फारच थोडा लागत होता, आणि पुढच्या शेगडीवरचा धूर मागच्यापेक्षा जास्त निसटत होता. साहजिक आहे, झाकण मागच्या भिंतीला असते आणि आपण पुढे उभे राहून ढवळतो.

आम्ही शेवटी मध्यम आकड्याची, शेगडीएवढ्या रुंदीची, सुट्या पत्र्यांची गाळणी असलेली चिमणी घेतली. पत्रे सौ.नी दुकानातच दोनदा काढून बसवून पाहिले. पाइपासाठी बोळाकडे नव्हे, तर बाहेरच्या भिंतीकडे भोक पाडले. कारागीर कुरकुरला. बसवून झाल्यावर मी उदबत्ती पेटवून दोन्ही शेगड्यांवर धरली. मागच्या शेगडीवरून धूर सरळ वर गेला, पुढच्या शेगडीवरून त्यातला बराच माझ्या तोंडावर आला. तेव्हापासून आमच्याकडे तळण मागच्या शेगडीवर होते.

हीच उदबत्ती मी नंतर आमच्या जुन्या शाळेत नेली. शालेय पोषण आहाराची खिचडी तिथे अजून लाकडावर शिजते. आठवीच्या मुलांनी शेडच्या दारात, चुलीशी आणि पत्र्याखाली धूर कुठे वळतो ते वहीत काढले. स्वयंपाकीण मावशींनी चित्र बघून सांगितले, "दुपारी वारा फिरला की उलटं होतं, ते पण काढा."

जाळीचे म्हणाल, तर ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी धुतो. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा लागतो, आणि पहिले पाणी चहासारखे तांबडे निघते.